गाडीचा रिमोट रुसला, तर आधी नेमकं कोण रुसलंय ते शोधा

परळच्या एका हॉस्पिटलचं बेसमेंट, जुलै महिना, रात्रीचे साडेअकरा. नणंदेचं ऑपरेशन झालेलं, दिवसभर तिच्या उशाशी बसून मी खाली आले. पर्समधून किल्ली काढली, बटण दाबलं. गाडी ढिम्म. जवळ जाऊन दाबलं, ढिम्म. काचेला टेकवून दाबलं, तरी ढिम्म. वॉचमन खुर्ची सोडून आला आणि म्हणाला, “मॅडम, जोरात दाबा.” मी जोरात दाबलं. जोर लावून सेलमध्ये करंट येत नसतो, हे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३० वर्षं तारा आणि रिले बघितलेल्या बाईला कळायला हवं होतं. पण त्या वेळेला माझं डोकं आधीच घरी जाऊन झोपलं होतं.

मग किल्लीचं पातं बाहेर काढलं, दारात घालून फिरवलं. दार उघडलं आणि गाडीने बोंब ठोकली. बेसमेंटमध्ये तो भोंगा असा घुमला की वॉचमन कानांवर हात ठेवून मागे सरकला. मी पटकन आत बसले, किल्ली लावून फिरवली. भोंगा बंद, गाडी चालू. (रिमोटने बंद केलेली गाडी नुसत्या पात्याने उघडली की बऱ्याच गाड्या अशा ओरडतात. घाबरू नका, पळू नका, बसून इग्निशन चालू करा.)

म्हणजे गाडी किल्लीला ओळखत होती आणि रिमोटला ओळखत नव्हती. आणि दोघं राहतात एकाच डबीत! भांडुपला घरी पोचेपर्यंत हाच विचार डोक्यात होता. पुढे सोसायटीतले आणि ओळखीतले मिळून पुष्कळ रिमोट माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन गेले. “काकू, जरा बघता का?” म्हणून लोक येतात आणि सोबत नवा सेल घेऊन येतात, कारण सेलच गेला असणार हे त्यांनी ठरवलेलंच असतं. अर्ध्या वेळा ते बरोबर असतं. उरलेल्या अर्ध्यांसाठी हे लिहिते आहे.

एका खोलीत तीन भाडेकरू

साध्या रिमोटच्या किल्लीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, चाळीतल्या एका खोलीत तीन भाडेकरू राहावेत तशा. पहिलं लोखंडी पातं. ते दार उघडतं आणि इग्निशन फिरवतं. दुसरा रिमोट: छोटा बोर्ड, दोन-तीन बटणं, एक सेल. तो रेडिओ लहरीने गाडीशी बोलतो. आपल्याकडच्या बहुतेक रिमोटना ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी असते. तिसरी ट्रान्सपाँडर चिप, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची नळी नाहीतर काळा चौकोनी तुकडा. हिला सेल लागतच नाही. इग्निशनभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून तिला बिनतारी वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली तर इमोबिलायझर इंजिन चालू होऊ देतो.

आता यावरून निदान करा. दार रिमोटने उघडत नाही पण गाडी चालू होते: रिमोटची भानगड. दार रिमोटने उघडतं पण स्टार्टर फिरूनही इंजिन धरत नाही आणि डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकतंय: चिपची भानगड, तिथे सेल बदलून काही होणार नाही. दोन्ही होत नाही आणि डॅशबोर्डचे दिवेही मलूल: गाडीची बॅटरी बघा, किल्लीला दोष देऊ नका.

आणखी एक खूण फार कामाची आहे. बटण दाबल्यावर गाडीचे इंडिकेटर लुकलुकले पण कुलूप हललं नाही, तर रिमोट निर्दोष आहे. त्याचा निरोप पोचला. पुढचं काम दारातल्या छोट्या मोटरचं आहे, ती अडकली किंवा जळाली. एकच दार रुसलं असेल तर बहुधा तीच.

दुसरी किल्ली कुठे आहे?

हा प्रश्न मी पहिला विचारते आणि उत्तर बहुतेक वेळा “लॉकरमध्ये” किंवा “गावाला” असं येतं. गाडी घेताना दोन किल्ल्या मिळतात त्या याचसाठी. दुसऱ्या किल्लीने गाडी नीट उघडली तर दोष पहिल्या रिमोटमध्ये, विषय संपला. दोन्हींनी उघडली नाही तर गाडीत किंवा त्या जागेत. दोन्ही रिमोट एकाच दिवशी मरणं म्हणजे दोन घड्याळं एकाच मिनिटाला बंद पडण्यासारखं आहे. होऊ शकतं, पण मी पैज लावणार नाही. एकच सावधगिरी: पडून राहिलेल्या किल्लीचा सेलही पडून पडून उतरलेला असतो, तेव्हा तो आधी मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायच्या मीटरवर) बघा.

मग जागा बदला. बेसमेंटचे खांब, रांगेत लागलेले स्वस्त एलईडी दिवे, शेजारच्या गाडीतला वायरलेस चार्जर, यातलं काहीही त्या लहरीत गोंधळ घालू शकतं. गाडी किल्लीने उघडून रस्त्यावर काढा आणि पुन्हा बघा. रिमोट जवळून चालतो आणि लांबून चालत नाही, असं असेल तर सेल उतरतीला लागलाय. अशा वेळी एक पोरकट दिसणारा उपाय आहे: रिमोट हनुवटीला टेकवून बटण दाबा. पल्ला थोडा वाढतो. आमच्या कंपाउंडमध्ये मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं की दात दुखतोय का.

आणि हो, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचा दिवा बघायची युक्ती इथे चालत नाही. ती टीव्हीच्या रिमोटची, कारण तो इन्फ्रारेड असतो. गाडीच्या रिमोटची लहर कॅमेऱ्याला दिसत नाही. रिमोटवरचा छोटा लाल दिवा लागला तरी फक्त एवढंच कळतं की सेलमध्ये जीव आहे आणि बटण लागतंय. निरोप बाहेर पडतोय का, हे त्यावरून कळत नाही. चावीवाल्यांकडे फ्रिक्वेन्सी तपासायचा हातात मावेल एवढा मीटर असतो, तो क्षणात सांगतो.

काही वेळा सगळं ठीक असतं आणि गाडीच ऐकायला तयार नसते. एखादं दार किंवा डिकी नीट लागलेली नाही, किल्ली इग्निशनमध्ये आहे, बटणाने चालू होणारी गाडी ‘एसीसी’वर (इंजिन बंद, पण रेडिओ वगैरे चालू) राहिली आहे. अशा वेळी बऱ्याच गाड्या रिमोटने लॉक होत नाहीत. हे बघायला दहा सेकंद लागतात, तरी आपण ते शेवटी बघतो.

सेल

आता माझी फजिती सांगते. त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणला, घातला, काही झालं नाही. ‘म्हणजे रिमोट गेला,’ असं मी ठरवलं आणि सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने डबी उघडूनही बघितली नाही. म्हणाला, “रिमोट नवा घ्यावा लागेल, ऑर्डर टाकू का?” त्याने न उघडता सांगितलं म्हणून मी उठले. घरी येऊन मल्टिमीटर काढला. आदल्या दिवशीचा ‘नवा’ सेल २.६१ व्होल्ट दाखवत होता. दुकानात किती काळ लटकत होता देव जाणे.

तर सेलचं गणित असं. नाव वाचता आलं पाहिजे. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड, सीआर २०१६ हा १.६. सीआर १६२० मात्र १६ मिलिमीटरचा. सगळे ३ व्होल्टचे, म्हणून दुकानदार “हा पण चालतो” म्हणून २०३२ च्या जागी २०२५ देतो. चालतो, पण ढिला बसतो. खड्ड्यात गाडी आपटली की रिमोटची शुद्ध हरपते. जुन्या सेलवरचा नंबर वाचून तोच घ्या. पाकिटावरची तारीख बघा. ज्या दुकानात माल खपतो तिथून घ्या; मी ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवरून चार-पाच एकदम आणते. चांगल्या कंपनीचा एक सेल १०० रुपयांच्या आतच येतो, त्यात काटकसर कसली करायची?

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजा. ताजा सेल ३ च्या वर, ३.२ च्या आसपास दाखवतो. २.८ च्या खाली गेला की मी बदलते. पण नुसता बाहेर काढून मोजलेला आकडा फसवू शकतो. सेल बोर्डात बसलेला असताना मीटरची टोकं त्याच्या दोन्ही पत्र्यांना लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा. आकडा जागच्या जागी राहिला तर सेल दमदार. बटण दाबताच धाडकन खाली आला तर बाहेरून तीन दाखवणारा तो सेल आतून पोकळ आहे. पावसाळ्यातल्या गारव्यात किंवा एसीमध्ये असले सेल आधी दगा देतात.

डबी उघडताना सुरी नको. किल्लीच्या कडीच्या बाजूला एक बारीक खाच असते. तिथे जुनं प्लॅस्टिकचं कार्ड किंवा नाण्याची कड घालून हळू फिरवा. काही डब्यांत कंपनीच्या चिन्हाखाली स्क्रू लपवलेला असतो, तो न काढता जोर लावला तर हूक तुटतात आणि मग आयुष्यभर रबरबँड. खाली ताट ठेवा, कारण रबरी बटणं आणि एखादी स्प्रिंग उडी मारून सोफ्याखाली जाते. उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा: अधिकची बाजू वर होती की खाली, हे पाच मिनिटांनी आठवत नाही. नवा सेल कडेने धरा. धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडल्या तर तो तिथेच शॉर्ट होतो.

लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून काही सेलांवर आता कडू लेप लावलेला असतो. हेतू चांगला, पण काही रिमोटमध्ये नेमका तोच लेप पत्र्याशी संपर्क होऊ देत नाही. नवाकोरा सेल, मीटरवर ३.२, तरी रिमोट मेलेला, असं दिसलं तर सेल स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुन्हा घाला.

सेल काढला तर कोड पुसला जाईल का, ही भीती सगळ्यांना असते. बहुतेक रिमोटमध्ये जात नाही, कोड कायमच्या मेमरीत असतो.

पत्रा आणि बटण

मी नवा, तीनच्या वरचा सेल घातला. रिमोट चालला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दादरला भाजी घेऊन आले आणि पुन्हा तीच ढिम्म गाडी. या वेळी पिशव्या खाली ठेवून मी डबी अंगठ्याने दोन्ही बाजूंनी दाबून धरली आणि मग बटण दाबलं. टक्! उघडली.

रात्री बोर्ड दिव्याखाली धरून भिंगातून पाहिला. सेलखाली जी पितळी जीभ असते, ती पोटाला टेकल्यासारखी सपाट झाली होती. तिने सेलला खालून उचलून धरायचं असतं. आठ-नऊ वर्षं दबून तिच्यातला ताठा गेला होता. सेलही जुना आणि जीभही थकलेली, दोन दुखणी एकदम. एक बरं केलं की दुसरं दिसतं. म्हणून एक उपाय करून रिमोट चालला नाही तर तो उपाय चुकीचा होता असं समजू नका.

उपाय मिनिटाचा आहे. सेल काढून, सुईच्या टोकाने ती जीभ केसभर वर उचला. केसभरच. जास्त वाकवली तर मोडते आणि मग खरंच नवा रिमोट. समुद्राच्या हवेने आपल्याकडे पत्र्यावर हिरवी किंवा पांढरी पूड धरते. ती पेन्सिलच्या खोडरबरने घासून काढा, कण फुंकून टाका आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅमिंग्टन रोडला नुसतं ‘आयपीए’ म्हटलं तरी बाटली समोर येते. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि चिकटपणा दोन्ही असतं.

लॉकचं बटण चालतं आणि अनलॉकचं नाही, अशी तक्रार असेल तर सेल, चिप, गाडी सगळी सुटली. दोष त्या एका बटणात. वरचं रबर काढा. खाली बोर्डावर मोहरीपेक्षा जरा मोठी, चौकोनी कळ दिसेल. ती नखाने दाबा. स्पष्ट ‘टिक’ आली आणि गाडी उघडली तर कळ चांगली, रबराचा टेकू झिजलाय. ‘टिक’ आलीच नाही, किंवा कळ डुगडुगली, तर कळ झिजली किंवा तिचं सोल्डर तडकलं. तडकलेल्या सोल्डरला बारीक टोकाची सोल्डरची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) दोन सेकंद लावली की काम होतं. कळ बदलायची असेल तर बोर्डच घेऊन दुकानात जा, कारण या कळा उंचीने आणि पायांनी वेगवेगळ्या असतात, फोनवर वर्णन करून जुळत नाहीत. ज्यांनी कधी सोल्डरची इस्त्री धरली नाही, त्यांनी आयुष्यातला पहिला प्रयोग या बोर्डावर करू नये. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही हात साफ असलेल्या पोराला द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पाऊस आणि वॉशिंग मशीन

आमच्या इमारतीत पावसापेक्षा जास्त रिमोट वॉशिंग मशीनने बुडवलेत. रिमोट भिजला की पहिली गोष्ट, सेल बाहेर. ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबायचं नाही. पाण्यात सेलचा करंट वाहिला की तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. नुसत्या पाण्याने तेवढं नुकसान होत नाही. साबणाचं किंवा गटाराचं पाणी असेल तर बोर्ड आयपीएमध्ये बुडवून, जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच घासून धुवा. मग पंख्याखाली पूर्ण एक दिवस. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ ओल फारशी ओढून घेत नाही, पीठ मात्र आत सोडतो. औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या डबीत टाका. हेअर ड्रायरच्या गरम हवेने प्लॅस्टिक वाकतं. भिजलेला सेल फेकून द्या. चिप बहुधा बंदिस्त असते, त्यामुळे रिमोट सुकत असला तरी पात्याने गाडी चालू करून कामाला जाता येतं.

पावसाचा विषय निघाला म्हणून एक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या दिवशी बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीत बसले की आतून हाताने दार कसं उघडतं ते आधी बघते. तुमच्या गाडीत रिमोट आणि बटणांशिवाय आत-बाहेर कसं होता येतं, हे कोरड्या दिवशी एकदा करून बघा.

नातवाचा खेळ, डबी बदलणं आणि बटणाची गाडी

रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतो, म्हणजे कुणी तो हवेत पकडून ठेवला तरी पुन्हा वापरता येत नाही. गाडी आणि रिमोट दोघंही मोजत असतात. घरी नातवाने खेळणं समजून तो शेकडो वेळा दाबला, तर रिमोट मोजणीत पुढे निघून जातो आणि गाडी मागे राहते. गाडीजवळ उभं राहून तेच बटण दोन-तीनदा लागोपाठ दाबा. किंवा किल्लीने इग्निशन चालू करून बंद करा आणि मग दाबा. पुष्कळदा एवढ्याने दोघांचं जुळतं. नाही जुळलं तर पुन्हा जोडणी करावी लागते. तिची पद्धत दर गाडीला वेगळी: कुठे इग्निशन चालू ठेवून लॉक दाबून धरायचं, कुठे मशीनच लावावं लागतं. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात बघा. व्हिडिओत दिसली म्हणून दुसऱ्या मॉडेलची पद्धत आपल्या गाडीवर करू नका. काही पद्धतींत हजर नसलेली किल्ली यादीतून पुसली जाते.

डबी फुटली म्हणून बाजारातून नवं कव्हर आणून सामान हलवणाऱ्यांना एकच सांगणं. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनीलने बोर्ड हलवला, पातं हलवलं, जुनी डबी कचऱ्यात टाकली. गाडी रिमोटने उघडली, पण चालू होईना. चिप जुन्या डबीच्या कोपऱ्यात, एका कप्प्यात चिकटून बसलेली होती. घंटागाडी यायला अर्धा तास होता म्हणून निभावलं. आम्ही दोघांनी वर्तमानपत्रावर ओला-सुका कचरा पसरून ती काळी चिप शोधली. काही किल्ल्यांत चिप बोर्डावरच असते, काहींत वेगळी. जुनी डबी, नवी किल्ली लावून गाडी चालू होईपर्यंत टाकू नका.

बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांची स्मार्ट किल्ली थोडी वेगळी. गाडी खालच्या फ्रिक्वेन्सीवर, बहुधा १२५ किलोहर्ट्झवर, हाक मारते आणि किल्ली सेलच्या जोरावर उत्तर देते. ती कायम कान देऊन बसते म्हणून तिचा सेल लवकर उतरतो. मोबाइलला चिकटून एकाच कप्प्यात ठेवली तर हाक ऐकू येत नाही. सेल पूर्ण गेला तरी अडून बसू नका. किल्लीच्या कुशीत एक लपलेलं पातं असतं, खटका सरकवून ओढा. दाराच्या हँडलवर कुलपाचं भोक दिसत नसेल तर ते प्लॅस्टिकच्या टोपीखाली असतं. आत बसून ब्रेक दाबा, किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि बटण दाबा. बऱ्याच गाड्या अशा चालू होतात, काहींत किल्ली ठेवायची वेगळी जागा असते. आत्ताच, घरासमोर, एकदा करून बघा.

जुन्या गाड्यांत सेंट्रल लॉकिंग पुष्कळदा कंपनीचं नसतं, बाहेरच्या दुकानातून बसवून घेतलेलं असतं. त्या रिमोटमध्ये पुष्कळदा करंगळीपेक्षाही बारीक, लांबट, १२ व्होल्टचा ए २३ किंवा ए २७ सेल असतो. दोन्ही दिसायला सारखे, मापात फरक; नंबर बघून घ्या. हा रिमोट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ओळखता येणार नाही, तिथे हेलपाटे घालू नका.

दोन्ही रिमोट गप्प असतील तर बॉनेट उघडा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२ च्या खाली म्हणजे ती उतरली. फ्यूज हे त्यानंतरचं.

नवी किल्ली करायची वेळ आलीच तर आधी गाडीसोबत मिळालेली नंबराची छोटी पट्टी शोधा, पातं तिच्यावरून कापता येतं. सर्व्हिस सेंटरचा दर विचारा, मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाउसकडे चावीवाल्याचा दर विचारा. आरसी, ओळखपत्र आणि असतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. काम समोर उभं राहून करून घ्या आणि शेवटी विचारा, “गाडीत आता किती किल्ल्या नोंदवल्या आहेत?” आकडा तुमच्या हातातल्या किल्ल्यांपेक्षा जास्त असेल तर जास्तीच्या पुसून घ्या. किल्ली हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करा. विम्यात किल्लीचं कव्हर घेतलेलं असेल तर तो कागद लागतोच.

जुने सेल उघडे टाकू नका. लहान मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. उलटी करवायची नाही, थांबून बघायचं नाही, थेट हॉस्पिटल. मी काढलेल्या प्रत्येक सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावते आणि जुन्या पानाच्या डब्यात टाकते. डबा भरला की ई-कचऱ्यात. नणंद आता बरी आहे, परवा तिच्याच गाडीचा सेल त्या डब्यात गेला.